बहात्तर तासांच्या आत

माझे वडील, बापू, यंत्रमागावर कामाला होते. चादर उलटी करून तिच्यावरून बोट फिरवायचे आणि सांगायचे, ही चौथ्या मागावरची. फणीचा एक दात वाकलाय त्याच्या.

*

वजन एक हजार तीनशे चाळीस ग्रॅम. मुलगी. वय एकतीस तास.

*

चमच्यात आईच्या चिकाचे, पहिल्या दुधाचे, सात थेंब. सिस्टरनं ते नियमाप्रमाणे बेसिनमध्ये ओतले आणि वरून नळ सोडला.

*

नवजात संसर्ग उगम नियमावली, २०३४. कलम नऊ : चिठ्ठी लाल निघाल्यास मातेस सात दिवस कक्षात प्रवेश नाही, स्पर्श नाही, मातेचे दूध नाही.

*

निमंत्रणपत्रिका जाड कागदाची आहे. येत्या शुक्रवारी, मुंबईत. माझं नाव बिनचूक छापलंय. खाली लिहिलंय : मातांकडून नवजातांना होणाऱ्या संसर्गाच्या आद्य संशोधक.

*

"सटवाई तरी पाचव्या दिवसापर्यंत थांबती ओ. तुमचं यंत्र दुसऱ्याच दिवशी लिहून मोकळं."

*

हे सगळं एका मंगळवारी माझ्यासमोर एकत्र आलं. सोलापुरातल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या नवजात कक्षात, सकाळी नऊ ते दुपारी तीनच्या दरम्यान. वर्ष २०३७.

मी डॉ. पद्मजा म्याकल. नवजात बाळांची डॉक्टर. तेहेतीस वर्षं एकाच प्रश्नामागे घालवली : जेमतेम जन्मलेल्या बाळाच्या रक्तात जंतू येतो कुठून? या प्रश्नावर मी पीएचडी केली, चौदा देशांत भाषणं केली, एक लग्न मोडलं आणि शेवटी एक यंत्र उभं केलं. नाव मीच ठेवलं, 'मूळशोध'. भाताच्या कुकरएवढा डबा. बाळाच्या टाचेतून काढलेला रक्ताचा थेंब त्यात घातला की चाळीस मिनिटांत चिठ्ठी येते. लाल म्हणजे जंतू आईकडून आला. पिवळी म्हणजे इमारतीकडून, म्हणजे आमच्या रुग्णालयाकडून.

तीन वर्षांपूर्वी सरकारनं हे यंत्र राज्यातल्या दोनशे बारा कक्षांत सक्तीचं केलं. तेव्हापासून आमच्या कक्षात एकसष्ट लाल चिठ्ठ्या निघाल्या. पिवळी एकही नाही.

एकही नाही! आणि मला याचा अभिमान वाटत होता. माझा कक्ष स्वच्छ आहे, असं मी लोकांना सांगत होते.

*

एकतीस तासांच्या त्या मुलीच्या आईचं नाव भाग्यलक्ष्मी कोंडा. वय चोवीस, विड्या वळते. पोटावर शस्त्रक्रियेचे टाके असताना ती काचेच्या दाराला धरून उभी होती. शेजारी तिची सासू नरसव्वा, हातात स्टीलचा डबा. लाल चिठ्ठी तासाभरापूर्वी निघाली होती.

"मॅडम, मी डेटॉलनं आंघोळ केली," भाग्यलक्ष्मी म्हणाली. "टाके भिजवू नका म्हणाल्या तरी केली. आता घेऊ का तिला?"

"सात दिवस थांबावं लागेल."

"मागल्या वेळी चार दिवसच होता तो."

मला संदर्भ लागेना. सासूनं लावून दिला. "दोन वर्षांमागं पोरगा झालता की हिला, हितंच. चौथ्या दिवशी गेला. तवाबी लालच चिठ्ठी. हिच्या अंगातच हाय म्हणं काय तरी. आमच्या खानदानात असलं कुणालाच नाही."

"अत्ता, गप बसा," भाग्यलक्ष्मी म्हणाली. तेलुगूत सासूला अत्ता म्हणतात.

"मी का गप बसू? लोकं विचारत्यात मला. पोराला दुसरी बघा म्हणत्यात."

भाग्यलक्ष्मी सासूकडे वळलीच नाही. माझ्याकडेच बघत राहिली. "दोन वर्षं झाली, मी कणीक मळताना हात तीनदा धुते. नणंदेचं लेकरू मांडीवर घेत नाही. माझ्या अंगात काय हाय ते तरी सांगा. नाव काय त्याचं?"

मी सांगितलं, "क्लेब्सिएला." तिनं ते नाव ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून बघितलं. आणि मग ते सटवाईचं वाक्य म्हणाली.

मी तिला समजावलं. समजावणं मला छान जमतं, हीच माझी खोड. यंत्र चौऱ्याण्णव टक्के अचूक आहे, असंही मी तिला सांगितलं.

*

एस्तेर रणनवरे आमच्या कक्षाच्या इन्चार्ज सिस्टर. नगरकडच्या. माझ्याबरोबर तीस वर्षं. माझ्या सगळ्या संशोधनातल्या नळ्यांवर लेबलं त्यांनी चिकटवली आणि माझ्या एकाही शोधनिबंधात त्यांचं नाव नाही. चमच्यातला चीक त्यांनीच ओतला होता. रिकामा चमचा त्यांनी माझ्या टेबलावर आपटला.

"मॅडम, एक विचारू? रागवायचं नाही."

"विचारा."

"ही पोरगी जन्मली तेव्हा मी ऑपरेशन थिएटरात होते. कळा नाहीत, पाणी गेलेलं नाही. सरळ पोट उघडलं आणि बाळ पिशवीसकट बाहेर आलं. फुग्यात ठेवल्यासारखं. पिशवी आम्ही बाहेर, ट्रेमध्ये फोडली. पाणी स्वच्छ. आईचं रक्त स्वच्छ. मग हा जंतू आईकडून आला कसा? टपालानं?"

मी केसपेपर उघडून बघितला. तसंच लिहिलेलं होतं.

"बघा बाई," सिस्टर म्हणाल्या, "मी आपली चमचे ओतणारी."

मूळशोधला 'आधार दाखव' अशी आज्ञा देता येते. ती सोय मीच हट्टानं करून घेतली होती. तीन वर्षांत मी ती एकदाही वापरली नव्हती. मंगळवारी वापरली. पडद्यावर चार ओळी आल्या.

आईच्या नमुन्याशी जुळणी : नाही.
कक्षाचा नमुना : उपलब्ध नाही.
निर्णयाचा आधार : बाळाचे वय, बहात्तर तासांहून कमी.
शिकवणीचा स्रोत : म्याकल नोंदवही.

*

इथे थोडं शास्त्र सांगते. लांबवत नाही.

जंतू स्वतःच्या नकला काढत वाढतो. नक्कल काढताना कधीतरी एखादी चूक होते आणि पुढच्या सगळ्या पिढ्यांत ती तशीच उतरते. फणीचा दात वाकला की त्या मागावरच्या प्रत्येक चादरीत त्याच जागी रेघ येते, तसं. बाळाच्या रक्तातला जंतू आणि दुसरीकडचा जंतू शेजारी ठेवून त्यांच्या चुका जुळवल्या, की दोन्ही एकाच मागावरचे आहेत का ते कळतं. मूळशोध एवढंच करतो आणि ते उत्तम करतो.

पण जुळवायला दोन चादरी लागतात. आईचा नमुना घेणं सक्तीचं आहे. बेसिन, नळ, बाटल्या, आमचे हात यांचे नमुने देणं ऐच्छिक. नियमावलीत तो शब्द घातला गेला तेव्हा मी बैठकीत होते. मी बिस्किट खात होते. पिवळी चिठ्ठी निघाली तर कक्षाला सील लागतं, मग आपणहून कोण नमुना देईल? दोनशे बारा कक्षांपैकी एकानंही दिलेला नाही.

आईशी जुळत नाही आणि कक्षाचा नमुनाच नाही, अशा वेळी यंत्र 'माहीत नाही' म्हणत नाही. त्याला जे शिकवलं त्यावरून ते अंदाज करतं. आणि शिकवलं मी.

माझ्या नोंदवहीत चार हजार एकशे अठरा बाळं आहेत. उगमाचा रकाना मी पुस्तकातल्या नियमानं भरला : त्रास बहात्तर तासांच्या आत सुरू झाला तर आईकडून, नंतर झाला तर रुग्णालयातून. पुस्तक परदेशी. तिथे आयांच्या शरीरात राहणारा एक वेगळा जंतू आहे, तो बाळंतपणात लागतो. त्या जंतूसाठी नियम खरा आहे. आपल्याकडे तो जंतू क्वचित. आपल्याकडे पहिल्याच दिवशी सापडतो तो क्लेब्सिएला, ओल्या जागी तळ ठोकणारा. आपल्या कक्षात बाळाला लागायला त्याला बहात्तर तास कशाला हवेत? दोन पुरतात.

हे मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. पण रकाना भरायचा होता, निबंध पाठवायचा होता, आणि परदेशातल्या परीक्षकांना तोच नियम पाठ होता. मी 'आई' लिहिलं. दोन हजार नऊशे सदुसष्ट वेळा लिहिलं.

आणि ते चौऱ्याण्णव टक्के! यंत्राची उत्तरं कशाशी ताडून काढले होते ते? माझ्याच रकान्याशी. पोपटानं माझंच वाक्य मला ऐकवलं आणि मी टाळ्या वाजवल्या.

*

अधीक्षक डॉ. अमोघ तडवळकर माझा विद्यार्थी. हुशार. आता फायलींतून मान वर न काढता बोलतो.

"कक्षाचे नमुने? मॅडम, शुक्रवारी तुमचा सत्कार आहे. शनिवारी घेऊ."

"आज. आत्ता."

"पिवळी निघाली तर चोवीस तासांत सील. आत बावीस बाळं आहेत. पुढचा कक्ष दोन तासांवर. त्यातली चार रस्त्यातच जातील. ती कुणाच्या नावावर लिहू?"

त्याचं खोटं नव्हतं. राग त्याचाच आला. "सील पाण्याला लाव, नळाला लाव. कक्षाला कशाला?"

"नियमात नळाला सील नाही, कक्षाला आहे."

"मग एकसष्ट बायका खोट्या ठरल्या तरी चालतील?"

"कुणी खोटं म्हणत नाही हो. त्यांच्या कार्डावर फक्त नोंद होते."

"फक्त! अमोघ, त्या बाईची सासू मुलासाठी दुसरी बघतीये. तुझ्या 'फक्त'वर."

त्यानं चष्मा काढला. "बहात्तर तासांचा नियम मला तुम्हीच शिकवलात, मॅडम. पहिल्या वर्षी. मी परीक्षेत चुकवला होता तेव्हा तुम्ही सगळ्या वर्गासमोर मला उभं केलं होतं."

मी दार आपटून बाहेर आले. एकसष्टाव्या वर्षी माणसानं दारं आपटू नयेत म्हणतात. मी आपटलं.

*

"सिस्टर, तुम्ही जंतू असता तर कुठे राहिला असता?"

एस्तेर सिस्टर क्षणभरही थांबल्या नाहीत. "बुडबुड्यात."

बुडबुडा म्हणजे ऑक्सिजनची बाटली. कोरडा ऑक्सिजन बाळाच्या फुप्फुसांना सोसत नाही म्हणून तो पाण्यातून नेतात. बाटली रोज रिकामी करून, वाळवून, सीलबंद शुद्ध पाण्यानं भरायची असं भिंतीवर लिहिलेलं आहे. पण बाटली काढायची तर ऑक्सिजन मिनिटभर बंद करावा लागतो, आणि मिनिटभरात एवढंसं बाळ निळं पडतं. म्हणून आमच्याकडे बाटली कधी रिकामी करतच नाहीत. पातळी खाली गेली की वरून भर घालतात. सीलबंद पाणी संपलं असलं तर नळाचं. प्रत्येक पाळीची सिस्टर थोडी भर घालते आणि तक्त्यावर 'बदलली' लिहिते. हे कुणी आळसानं करत नाही. बाळ निळं पडू नये म्हणून करतात.

"मला माहीत होतं असं नाही," सिस्टर म्हणाल्या. "पण वास यायचा. बोलले असते तर तुम्ही म्हणाला असता, पुरावा काय?"

म्हणाले असतेच.

आम्ही दोघींनी बावीस बाटल्या, दोन बेसिनं आणि एका नळाचे नमुने घेतले. 'कक्षाचा नमुना' या बटणावर तीन वर्षांची धूळ होती. चाळीस मिनिटं आम्ही शेजारी शेजारी स्टुलांवर बसलो. सिस्टरनी पर्समधून शेंगदाण्याची चिक्की काढून अर्धी मला दिली.

चिठ्ठी पिवळी आली. बाळाच्या रक्तातला जंतू आणि चौथ्या क्रमांकाच्या बाटलीतला जंतू : पंचावन्न लाख जनुकीय अक्षरांत तीन अक्षरांचा फरक. माग एकच. नळाच्या आतल्या बुळबुळीत थरातही तोच.

पण यंत्र तिथे थांबलं नाही. आता त्याच्याकडे दुसरी चादर होती. त्यानं आपणहून जुने साठवलेले नमुने उघडले आणि एकेक जुळवायला घेतला. पडद्यावर नावं सरकू लागली. एकसष्ट लाल चिठ्ठ्यांपैकी अठ्ठावन्न बाळांचा जंतू आमच्या नळाचा होता. सदतिसाव्या ओळीवर लिहिलं होतं : कोंडा भाग्यलक्ष्मी यांचे बाळ, मुलगा, २०३५, चौथ्या दिवशी मृत्यू.

सिस्टरनी छातीवर क्रूस काढला. मी पाठवण्याचं बटण दाबलं. अहवाल ही नियमावली चालवणाऱ्या मुंबईच्या समितीकडे गेला.

*

पहिलं काम पाण्याचं. वरच्या मजल्यावरून सुट्या सिलिंडरांवर नव्या बाटल्या आणल्या. त्यांत सीलबंद पाणी भरलं आणि आधी नवी नळी लावून मग जुनी काढली. एकही बाळ निळं पडलं नाही. इतकं सोपं होतं! नळाला सिस्टरनी प्लास्टिकची पिशवी बांधली, वर चिकटपट्टी.

मग मी काचेचं दार उघडलं. भाग्यलक्ष्मी बाकावर बसली होती, नरसव्वा डब्यातला भात कालवत होती.

"चल आत."

"सात दिवस म्हणालता."

"चूक होती. जंतू तुझ्या अंगात नव्हता. आमच्या पाण्यात होता."

ती उठली नाही. "ह्या वेळचा?"

"दोन्ही वेळचा."

नरसव्वाचा भात कालवणारा हात थांबला. भाग्यलक्ष्मीनं आधी माझ्याकडे आणि मग दारावरच्या नावाच्या पाटीकडे बघितलं. म्याकल हे आडनाव आमच्या पूर्वभागातल्या तेलुगू विणकरांचं, तिच्याच गल्लीबोळातलं. आतापर्यंत ती मला मॅडम म्हणत होती.

"अक्का, यंत्राला असं लिहायला कुणी शिकवलं?"

"मी."

ती रडेल असं मला वाटलं होतं. आभार मानेल असंही, लाज वाटते सांगायला, पण वाटलं होतं. ती म्हणाली, "माझा पोरगा पण एवढाच होता. मी त्याला हातच लावला नाही. तुम्ही नको म्हणाला म्हणून मी लांबून बघत होते. त्याला कुणी तरी छातीशी धरायला पायजे होतं ना ओ? नर्सबाईंनी तरी धरलं का?"

सिस्टर एस्तेर दारातूनच म्हणाल्या, "नाही गं."

"मग आता सगळं लिहून द्या. माझ्या कार्डावर. नि ह्यांच्यासमोर वाचून दाखवा." तिनं सासूकडे हात केला.

मी तिथंच, बाकावर बसून, लेटरहेडवर लिहिलं आणि तिच्या कार्डाला जोडलं. मोठ्यानं वाचलं. नरसव्वा सगळं ऐकून डबा बंद करत म्हणाली, "आता हे गल्लीतल्या किती जणींस्नी सांगत फिरू मी?"

"सगळ्यांना," भाग्यलक्ष्मी म्हणाली. "जशी ती लाल चिठ्ठी सांगितली तशी."

तिला मी आत नेलं. पातळ नळ्या सांभाळत सिस्टरनी मुलीला तिच्या उघड्या छातीवर ठेवलं आणि वरून पदर झाकला. एवढ्यात अमोघ आला. दारातच थांबला. कलम नऊ त्याला पाठ होतं.

"मॅडम, समितीनं बदल मंजूर करेपर्यंत लाल चिठ्ठीच ग्राह्य आहे. ही बाई आत असू शकत नाही."

"मग बाहेर काढ," मी म्हणाले. "तूच काढ. हातानं."

तो उभा राहिला. मुलीचा श्वास मिनिटाला ऐंशीवरून सदुसष्टावर आलेला मॉनिटरवर दिसत होता. त्यानं तो आकडा वाचला, माझ्याकडे न बघता नळाच्या पिशवीची चिकटपट्टी दाबून नीट बसवली आणि निघून गेला.

*

सील लावायला चोवीस तासांत येणारं तपासणी पथक उशिरा, गुरुवारी आलं. नव्या बाटल्यांत काही वाढलं नाही, म्हणून कक्षाला सील लागलं नाही. शुक्रवारचा सत्कार 'अपरिहार्य कारणास्तव' पुढे ढकलला गेला. माझी नोंदवही मी लेखी मागे घेतली. ज्या सहा निबंधांवर माझं नाव उभं आहे, तेही. मुंबईहून दोन जुन्या मित्रांचे फोन आले. एक म्हणाला, भावनेच्या भरात काही करू नकोस. दुसऱ्याचं म्हणणं, एवढ्या वर्षांनी आयांना कळून फायदा काय?

मुलगी बाराव्या दिवशी एक हजार तीनशे साठ ग्रॅम झाली. आईचं दूध आता तिच्याच पोटात जातं.

आणि समितीचं उत्तर आलं. मूळशोधचा वापर राज्यभर तात्पुरता स्थगित. मात्र आधीच्या लाल नोंदी सरसकट रद्द करता येणार नाहीत. ज्या मातांना नोंद काढून हवी असेल त्यांनी मूळ चिठ्ठी व ओळखपत्रासह जिल्ह्याच्या ठिकाणी स्वतः अर्ज करावा. स्वतः! मेलेल्या बाळाची चिठ्ठी जपून ठेवलेली असावी, अशी त्यांची अपेक्षा आहे. मुंबईतल्या वातानुकूलित खोलीत अकरा माणसांनी बसून हे वाक्य लिहिलं आणि त्यातल्या एकाचीही जीभ अडखळली नाही.

म्हणून दर रविवारी एस्तेर सिस्टर आणि मी पत्ते शोधत फिरतो. अर्ज आम्हीच लिहून नेतो, बाईनं फक्त सही करायची. आतापर्यंत एकोणीस झाले. चार जणींनी दार उघडलं नाही. एकीनं उघडलं, सगळं ऐकून घेतलं आणि मला थोबाडीत मारली. सिस्टर पुढे व्हायला लागल्या, मी त्यांना थांबवलं.

समितीनं मलाही एक फॉर्म पाठवलाय. सतरा रकाने भरून झाले. अठरावा असा आहे : सदर बाब यापूर्वी कधी आपल्या निदर्शनास आली होती काय? असल्यास तपशील द्यावा.

*

मे २००९ मध्ये रुग्णालयाची टाकी फुटली आणि एकोणीस दिवस कक्षाचे नळ कोरडे होते. सगळं पाणी सीलबंद कॅनमधून येत होतं. त्या एकोणीस दिवसांत एकशे चार बाळं दाखल झाली. एकाच्याही रक्तात जंतू सापडला नाही. नोंद माझ्या अक्षरात आहे.